व्यंकोजीरावांच्या पोटॅशियमची झडती

कानडी मुलखातल्या शहर बसच्या तिकीट तपासणी पथकात व्यंकोजीरावांनी एकतीस वर्षं काढली आणि या एकतीस वर्षांत कुणालाही सोडलं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. के. आर. पुरमच्या बसमध्ये एकदा त्यांना स्वतःचे सासरे सापडले. धाकट्या मुलाच्या लग्नाला निघालेले, मांडीवर फेट्याचं खोकं, आणि खिशात तिकीट नाही. सासरे म्हणाले, "जावईबापू, कंडक्टर इकडे आलाच नाही." व्यंकोजीरावांनी दंडाची पावती फाडून त्यांच्या हातात दिली आणि संध्याकाळी त्याच लग्नात त्यांच्या पाया पडून आहेर घेतला. जमनाबाई त्यानंतर दोन महिने नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

बिनतिकीट माणूस काय काय बोलतो हे त्यांना पाठ होतं. आत्ताच चढलो. तिकीट घेतलं होतं, वाऱ्यानं उडालं. देवाशपथ सांगतो. आणि सगळी कारणं संपली की शेवटचं, सगळ्यांचं एकच असे: "स्वल्प चुकलं अण्णा, पुढच्या स्टॉपला उतरतो." त्यावर व्यंकोजीरावांचं उत्तरही ठरलेलं होतं. आवाज न चढवता ते म्हणत, "उतरायचं नाही. बसा." चामराजपेटेत, त्यांच्या वस्तीत, अजूनही कुणी घाईघाईनं लग्नाच्या पंगतीतून उठायला लागलं, की शेजारचा हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणतो.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं थकली. अगदी बंद पडली नाहीत, पण निम्म्याहून अधिक काम सोडून बसली. रक्तात पोटॅशियम पाच पूर्णांक सहा निघालं. डॉक्टर म्हणाले, हा आकडा चढत गेला तर हृदयाचे ठोके चुकू लागतात, आणि पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही. मग त्यांनी घरच्या सगळ्यांना आहारतज्ज्ञ रूपश्रीच्या खोलीत पाठवलं.

रूपश्री तीस-एक वर्षांची, हसतमुख, बोलायला मात्र भरधाव. तिनं कागद काढला आणि त्यावर फुल्या मारत सुटली. केळं नको. शहाळ्याचं पाणी नको. संत्रं नको, सुकामेवा नको, टोमॅटो जपून. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं ते तर मुळीच नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. सफरचंद चालेल, पपनसाच्या वाटेला जाऊ नका, पेरू बेतानं. "आणि भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, मग ते पाणी निथळा. डाळीचंही तसंच. पोटॅशियम पाण्यात उतरतं." जमनाबाईंनी मान डोलावली. यात शिकण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, भाजी उकळून निथळण्याचं काम त्या लग्न झाल्यापासून करत होत्या.

महिनाभर घरात कडक शिस्त पाळली गेली. मुलगा अरविंद आणि सून रम्या दोघंही सकाळी आठला ऑफिसच्या बसमध्ये बसत, पण त्याआधी रम्या कपाट उघडून मिठाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचत असे. व्यंकोजीराव चोथ्यासारखी भाजी निमूटपणे खात. नियम म्हणजे नियम, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. महिन्यानं रक्त तपासलं आणि आकडा आला पाच पूर्णांक नऊ.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि दहा दिवसांची मुदत दिली. सहाच्या वर गेलं तर सरळ दाखल व्हायचं, डायलिसिसचंही तेव्हाच बोलू. रूपश्रीनं कागद खाली ठेवला. "अंकल, सांगितलेलं सगळं केलंत तर इतकं वाढायला नको. बाहेर काही खाता का?"

"नाही."

"एखादं केळं? स्वल्प शहाळं?"

"देवाशपथ नाही," व्यंकोजीराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारो वेळा ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं.

घरच्यांनीही मानलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांची तपासणी सुरू झाली. फिरून आले की रम्या म्हणे, "मामंजी, हात दाखवा." आणि ती त्यांचे हात हुंगत असे. अरविंदनं त्यांच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, त्यात एक रुमाल आणि पेन्शनरांच्या सभेची जुनी चिठ्ठी सापडली, तर चिठ्ठीही वास घेऊन परत ठेवली. कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या मोबाइलमध्ये अरविंदनं वडिलांचा फोटो टाकला. फळवाल्याला फोटोची गरज नव्हती. वीस वर्षांपूर्वी शिवाजीनगरच्या बसमध्ये याच माणसानं त्याला केळ्यांच्या घडासकट पकडलं होतं आणि पावती फाडली होती. त्यानं हे काम एका पैशाची अपेक्षा न करता अंगावर घेतलं. व्यंकोजीराव रस्त्याच्या पलीकडून गेले तरी तो गाडीवरची केळी गोणपाटाखाली झाके आणि मोठ्यानं म्हणे, "सरी साहेब, बरोबर, तिकडूनच जा."

माणसाची इतकी अप्रतिष्ठा व्हावी असं त्यांनी काय केलं होतं? शहाळ्यावाल्यानं त्यांना पाहून कोयता खाली ठेवला. देवळात पुजाऱ्यानं सगळ्यांना केळ्याचा प्रसाद दिला आणि त्यांच्या ओंजळीत नुसतं तुळशीचं पान टाकलं. व्यंकोजीराव घरी येऊन खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. मरणाची भीती त्यांना होतीच, पण ती ते सोसत होते. आपण खरं बोलतोय आणि कुणाला ते खरं वाटत नाही, हे मात्र त्यांना सोसेना. वाऱ्यानं तिकीट उडालेलं एखादं माणूस खरंच असेल का, हा विचार त्यांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला.

मग त्यांनी ठरवलं की तपासणी आपणच करायची. मुलं ऑफिसला गेल्यावर जुनी वही आणि पेन्सिल घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले.

जमनाबाईंनी विळीवरून मान वर केली. "आता माझी झडती?"

"तुझी नाही. घेवड्याची. कुठं चढतो, कुठं उतरतो, बघायचंय."

घेवडा बारीक चिरला गेला. तूरडाळीबरोबर मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळला. जमनाबाईंनी पातेल्यावर झाकण धरून सगळं पाणी निथळलं. व्यंकोजीरावांनी वहीत बरोबरची खूण केली. ते पाणी मोरीत न जाता दुसऱ्या पातेल्यात गेलं. जमनाबाईंनी खोबरं आणि मिरी वाटून त्यात घातली, चिंचेचा कोळ घातला, मोहरी, कढीपत्ता आणि भाजलेल्या अख्ख्या लसणाची फोडणी दिली आणि मंद आचेवर ठेवलं.

ते बस्सारू होतं. भाजी आणि डाळ निथळून उरलेल्या पाण्याचं सार. अख्ख्या गल्लीत, कानडी घरात आणि मराठी घरात, ते पाणी कधी कुणी फेकून दिलेलं नव्हतं. व्यंकोजीराव ते जन्मापासून पीत होते. गेला महिनाभर तर दुपारी पोरं नसताना रोज तीन-तीन वाट्या पीत होते, कारण भाजीला चव उरली नव्हती आणि रूपश्रीनं सांगितल्याप्रमाणे पाणी वाढवल्यामुळे बस्सारूही वाढलं होतं. घेवड्यातून, कोबीतून, डाळीतून हुसकून लावलेलं पोटॅशियम अगदी व्यवस्थित, लसणाच्या फोडणीसह, त्यांच्याच पोटात उतरत होतं.

पेन्सिल वहीवर थांबली. गुन्हेगार रंगेहाथ सापडला होता आणि तो पळी घेऊन समोर उभा होता.

"वास बरा येतोय ना?" जमनाबाई म्हणाल्या. "तुम्ही तो चोथा गिळता ना, माझा जीव तुटतो हो. एवढं एकच तुम्हाला आवडीचं देता येतं. नाहीतर मीच तुम्हाला उपाशी मारते की काय असं वाटायला लागलं होतं."

व्यंकोजीरावांनी वही मिटली. समोर उभ्या असलेल्या माणसाला सोडून देण्याची त्यांना सवय नव्हती. ही बाई आपल्याला जगवण्यासाठी महिनाभर तासन् तास चुलीपाशी उभी होती. तिच्याच हातानं आकडा चढत होता हे तिला कळलं, तर ती पुन्हा कधी सुखानं भाजीला फोडणी देणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. सासऱ्यांना दिलेली पावती त्यांना आठवली. तिच्या माहेरच्यांवर एक पुरे झाली होती.

"वास छान येतोय," ते म्हणाले. "मी मागच्या गॅलरीत उन्हात बसून पितो."

त्या दिवसापासून व्यंकोजीराव रोज दुपारी वाटी घेऊन गॅलरीत जात, इकडेतिकडे बघत आणि वाटी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत. मग रिकाम्या वाटीवर चमचा वाजवून, मिश्या पुसत आत येत. आयुष्यभर कायद्याच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा चोरी शिकत होता, आणि इतक्या घाईनं ओते की निम्मं बस्सारू पायजम्यावर सांडे. जमनाबाई तिसरी वाटी आणून देत. तीही कुंडीत जाई.

मुदतीच्या दहाव्या दिवशी आकडा आला पाच. डॉक्टर खूश झाले. रूपश्रीनं विचारलं, "काय बदललंत? मला कळायला हवं, नाहीतर पुन्हा वाढेल." जमनाबाई पिशवी घेऊन शेजारी बसल्या होत्या. अरविंद आणि रम्या व्यंकोजीरावांकडे बघत होते. "अण्णा, आता तरी खरं सांगा," अरविंद म्हणाला.

व्यंकोजीरावांनी आयुष्यभर खोटी कारणं ऐकली होती, पण स्वतः रचायची वेळ पहिलीच. "केळी," ते म्हणाले. "रोज दोन खात होतो. कोपऱ्यावरच्या गाडीवरून. आता सोडली."

रम्यानं सुस्कारा टाकला. अरविंदनं कपाळाला हात लावला, पण तोंडावर समाधान होतं. घरी परतल्यावर जमनाबाई कढीपत्ता तोडायला मागच्या गॅलरीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं ऑफिसला गेली. जमनाबाईंनी ताट वाढलं. निथळलेला घेवडा, भात, ताटाच्या कडेला सफरचंदाच्या चार फोडी. बस्सारूची वाटी नव्हती.

"कोपऱ्यावरचा फळवाला तुमच्यावर टपून बसलाय," जमनाबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी नुसता केळ्याला हात लावला असता, तर फोटो मिळाला त्याच दिवशी तो धावत माझ्याकडे आला असता. वीस वर्षं वाट बघतोय तो."

व्यंकोजीराव भात कालवत राहिले.

"कढीपत्त्याला नवी पानं फुटलीत. कधी नव्हे इतकी. म्हटलं खत कुणी घातलं, म्हणून माती उकरून पाहिली. लसूण निघाला. माझाच, भाजलेला." त्यांनी डाव खाली ठेवला. "मग मी त्या रूपश्रीला फोन केला आणि विचारलं, निथळलेलं पाणी प्यायलं तर काय होतं. मी तुम्हाला मारत होते हो. आणि तुम्ही सगळ्यांसमोर चोर झालात. मला सांगायला काय झालं होतं?"

व्यंकोजीरावांना खूप काही सांगायचं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना पाठ नव्हतं. पाठ होतं ते एकच, आणि तेच तोंडातून आलं.

"स्वल्प चुकलं," ते म्हणाले. डोळे भरून आल्यामुळे त्यांना ताट दिसेना, म्हणून ते उठू लागले.

जमनाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पदरानं डोळे पुसले आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "उतरायचं नाही. बसा."

ते बसले. जमनाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक डाव घेवडा वाढला आणि निथळलेल्या पाण्याचं पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं.