टेबल गावातच राहणार

आमच्या आरोग्य समितीत औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. निपाणीच्या बसमध्ये एखादा सांगायला घ्यावा, तर स्टँड येईपर्यंत गावात दुसरा घडलेला असतो. मी पंचायतीची मेंबर, म्हणून या समितीतही आहे. धंदा ब्लाउज शिवायचा. त्यामुळे कुणी मला 'मापात राहा' म्हणालं की हसूच येतं.

सध्या आमचं भांडण एकाच गोष्टीवरून चाललंय. आमच्या उपकेंद्रातलं बाळंतपणाचं टेबल वरच्या ऑफिसला उचलून मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. इथं बाळंतपणं कमी होतात म्हणे! उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलेल्या जीपमध्ये कळा सोसणारी बाई त्यांनी बघितलेली नाही. मी बघितलीय. म्हणून सांगते, टेबल जाणार नाही.

*

समिती झाली तेव्हा वरच्या ऑफिसचे साहेब भाषणाला आले होते. साहेब धारवाडकडचे, पण मराठी छान बोलतात. "आता सत्ता तुमच्या गावात आली. दवाखाना तुमचाच," म्हणाले. टाळ्या झाल्या.

आमचे अध्यक्ष तुकाराम आप्पा म्हणजे तंबाखूवाले शेतकरी. ते सावकाश उठले. "मग औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडं?"

"ती आमच्या ऑफिसात. रूल आहे तसा."

"म्हंजे म्हस आमची, दावं तुमच्या हातात," आप्पा म्हणाले. "आन् शेण?"

*

दवाखान्याचा नळ गळायला लागला. दुरुस्तीची परवानगी मागितली, तर इंजिनियर येऊन बघणार म्हणून उत्तर आलं. इंजिनियर काही आला नाही. सिस्टर मंगलाक्का रोज बादली लावून कंटाळल्या. शेवटी आप्पांनी गावातल्या प्लंबरला बोलावलं आणि चहा व्हायच्या आत नळ बदलला.

ही बातमी मात्र ऑफिसला लगेच पोचली. फोन आला, "कुणाला विचारून बदलला ओ नळ?"

आप्पा म्हणाले, "नळालाच. त्यो व्हय म्हणाला."

*

मग बेळगावला ट्रेनिंग झालं. विषय होता, 'गावाचा आरोग्य आराखडा गावानंच करावा.' आम्ही घरून विचार करून गेलो होतो. तिथं प्रत्येकाच्या हातात छापील आराखडाच ठेवला. सही तेवढी आमची.

आप्पांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला. कुठल्या तरी किनारपट्टीच्या गावाचा तसाच उतरवलेला होता. त्यात एक कलम होतं, पेशंटला होडीतून आणायची सोय. आमच्या गावात पाणी म्हणजे विहिरीचं.

साहेब म्हणाले, "राहू दे ओ आप्पा. पुढच्या वर्षी काढू ते."

"काढू नगासा," आप्पा म्हणाले. "होडी द्या. समुद्राचं समिती बघून घेईल."

*

औषधाबद्दल जरा जोरात बोललो की एक ठरलेला सल्ला मिळतो, पलीकडं महाराष्ट्रात जावा. आमची सखूआत्या डेंगूनं फणफणली तेव्हा गेलोही. तिथल्या दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं आत्याचं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "हे कर्नाटकातलं. इथं चालत नाही."

आत्याला धड उभं राहवत नव्हतं. तरी खिडकीची कड धरून म्हणाली, "डास चावला तवा त्यानं कार्ड बघितलं न्हाय रं लेकरा."

मला तेव्हा हसूही आलं आणि रडूही. अलीकडचे म्हणतात पलीकडं जा, पलीकडचे म्हणतात अलीकडं जा. म्हणून तर आपल्या गावातलं आहे ते सोडायचं नाही.

*

आणि मग टेबल न्यायला टेम्पो आला. टेबल देणार नाही, असा ठराव समितीनं आधीच केला होता. साहेब म्हणाले, "ठराव सल्ल्यापुरता असतो ओ. ऑर्डर ती ऑर्डर." दोन हमाल घेऊन ते आत शिरले.

आत सविताचं डोहाळजेवण चाललं होतं. तिला सातवा लागला होता. हिरवी साडी, अंगावर फुलांची वाडी, आणि बसायला पाटाऐवजी बाळंतपणाचं टेबल. भोवती सगळ्या गल्लीतल्या बायका, कोपऱ्यात जेवणाची पानं मांडलेली. ब्लाउज मीच शिवला होता. मंगलाक्का खणा-नारळानं ओटी भरत होत्या.

ओटी भरायला बसलेल्या पोटुशीला कुणी उठवत नाही. साहेबांच्या गावाकडंही हेच असतं, कुबसा म्हणतात त्याला. हमालांनी दारातच चपला काढल्या. साहेब घुटमळले.

"बरं, चालू दे. उद्या येतो."

"या की," मंगलाक्का म्हणाल्या. "उद्या पार्वतीचं हाय. परवा शबानाचं."

साहेबांचा आवाज चढला. "इथं बाळंतपणं होत नाहीत म्हणून तर टेबल न्यायलोय! ताई, तुम्ही जरा खाली उतरा बघू."

सवितानं तोंडातला लाडू निवांत संपवला. पदर सारखा केला.

"उतरते की साहेब," ती म्हणाली. "बाळ झालं की."

टेम्पोवाल्यानं आणलेली दोरी गुंडाळून ठेवली आणि हात धुवायला पाणी कुठं आहे ते विचारलं.