आरेच्या चढावर उसनी चाकं

रविवारी सायकलची चाकं बघायला मुलुंडहून अंधेरीला जायचं ठरलं ते माझ्या हौसेने नाही, नितीनमुळे. नितीन माझा भांडुपचा मित्र. गेली कित्येक वर्षं आम्ही पहाटे सोबत सायकल चालवतो. जुनी चाकं काढ, कार्बनची घे, असं टुमणं त्याने महिनाभर लावलं होतं. गेल्या वर्षीच्या डेंग्यूनंतर माझ्या पहाटेच्या दांड्या वाढल्या होत्या, त्यात आता हे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणी माझ्या भल्याचं फार बोलायला लागलं की मला वाटतं, इथे पाणी मुरतंय.

उजाडायच्या आत निघालो. तुम्हीही तसंच निघा, कारण मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी एलबीएस रोड अरुंद झालाय आणि भांडुपला पेव्हर ब्लॉक उखडलेत. नितीन तिथेच येऊन मिळाला. पुढे जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, डंपरवाल्यांपासून जपा. अंधेरीत सायकलवर डबा लावून विकणाऱ्या अण्णाकडे इडली खाल्ली. चटणी तिखट होती, पण दोघांचं मिळून शंभरात भागलं.

दुकान रविवारी लवकर उघडतं. मालकाने न विचारता नितीनपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. म्हणजे याचं इथे येणं-जाणं होतं, आणि मला पत्ता नव्हता. किंमत ऐकली तेव्हा तर पाणी मुरतंय याची खात्रीच पटली. तेवढ्यात बरी सेकंडहँड स्कूटर आली असती.

मालकाने दोन जोड काढले. उंच रिमची चाकं सपाटीवर पळतात, पण बाजूचा वारा लागला की हँडल ओढतात. बुटक्या रिमची रोजच्या रस्त्याला बरी. नितीनने आधीच बुटकी ठरवून ठेवली होती. मी म्हटलं, आधी माझे जुने टायर चढवा आणि हवा माझ्यासमोर मोजा. नव्या टायरचा मऊपणा चाकांच्या नावावर खपवतात, हे मी वाचलं होतं. मालकाचा चेहरा उतरला, पण त्याने ते बुटक्या चाकांवर चढवले. तुम्हीही हे करायला लाजू नका.

ओळखपत्र ठेवून आरे कॉलनीत चक्कर मारायला निघालो. चाकं खरंच झकास होती. सिग्नल सुटल्यावर दोन पायडलांत सायकल वेग घ्यायची, आणि खड्ड्यातला दणका मनगटापर्यंत पोचत नव्हता. खोट काढायला मला काही सापडेना, याचाच राग येत होता. मग चढ लागला. नितीन पुढे गेला, मी मागे पडलो, रोजच्यासारखाच. वळणावर तो बाटलीशी उगाच खटपट करत उभा होता.

मी पोहोचलो आणि दम लागलेला असतानाच विचारलं, "कमिशन किती आहे तुझं?"

त्याने बाटली जागेवर अडकवली. मग म्हणाला, "तुझ्यासाठी चाकं बघायला येत होतो रे तिथे. एवढा महाग माल, म्हटलं आधी आपण चौकशी करू."

"पण माझ्यासाठी का?"

"थांबायला मला काय, मी थांबतो. पण ज्या दिवशी मी थांबतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू येत नाहीस. वाटलं, चाकं हलकी झाली तर थांबावं लागणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंक्चर, पाहुणे, बायकोचं काम, कायकाय सांगितलं होतं मी त्याला. त्यातलं एकही कारण त्याने कधी तपासलं नव्हतं.

चाकं परत केली. मालकाला सांगितलं, कळवतो.  घरी बायकोने विचारलं, मिळाली का चाकं? म्हटलं, चाकं चांगली आहेत, घ्यायची तर बुटक्या रिमचीच. पण तूर्त जुनीच चालतील.

सोमवारी पहाटे जुन्याच चाकांवर गेलो. आरेच्या वळणावर नितीन थांबला होता, या वेळी बाटलीला हात न लावता. मी सावकाश पोहोचलो, त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलो.

मंगळवारीही गेलो.