खैरनारांची तीनचाकी

शाळा सुटल्यावर चित्रा खैरनार घरी आली, तर तिच्या गाडीच्या जागेवर भलतंच काहीतरी उभं होतं. पुढून पाहिलं तर भारदस्त मोटरसायकल. मागे मात्र मोटारीसारखी दोन रुंद चाकं, त्यांच्यामध्ये डिकी, आणि डिकीला टेकून लाल उशीचं आसन. शेजारी बाळकृष्ण फडकं घेऊन उभे होते.

“अहो, हे कुणाचं?”

“आपलं. ट्राइक म्हणतात याला. तो आयर्लंडला परत चाललेला इंजिनिअर नाही का, तो विकत होता.”

“आणि मी गाडी कुठे लावायची?”

याचा त्यांनी विचार केला नव्हता. चित्राने कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर गाडी लावली, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून परत चालत आली आणि त्यांच्याकडे न बघता घरात गेली.

ती नाशिकहून सौदीतल्या हुफूफला आली तेव्हा पंचविशीत होती. बाळकृष्ण गॅसच्या कारखान्यात पंपांच्या देखभालीवर होते. पहिली चोवीस वर्षं बायकांना इथे गाडी चालवता येत नव्हती. कोथिंबीर संपली तरी त्यांची शिफ्ट सुटेपर्यंत थांबायचं. लेक मुग्धाचे दात, पालकसभा, दवाखाना, सगळं त्यांच्या वेळेवर. मग नियम बदलला. त्याच वर्षी, एकोणपन्नासाव्या वर्षी, तिने लायसन्स काढलं आणि एक करड्या रंगाची जुनी गाडी घेतली. पहिल्याच शुक्रवारी ती एकटी खजुराच्या बागांपर्यंत जाऊन आली. काही आणायचं नव्हतं. नुसतीच जाऊन आली.

वैताग असा की देशभर फिरायचा बेत तिलाही आवडला होता. नोव्हेंबरात बाळकृष्ण निवृत्त होणार, तीही शाळा सोडणार. त्यानंतर इकाम्याचे, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचे, दोनेक महिने उरणार. एकतीस वर्षं ज्या देशात काढली त्याचं काय पाहिलं? कारखाना, शाळा, विमानतळ. तेव्हा हुफूफहून थेट वर तबूक, तिथून समुद्राच्या कडेकडेने खाली जिझान, आणि मग कायमचं घरी. यात तीनचाकी कुठेच नव्हती.

“दोन चाकांवर गुडघ्याला जोर पडतो. याच्यावर नाही पडत,” बाळकृष्णांनी समजावलं.

तिसऱ्या दिवशी कळलं की गिअर डाव्या पायानेच टाकायचा होता, आणि दुखरा गुडघा डावाच होता.

“घेण्याआधी बसून पाहिलं नाहीत?”

“बसलो होतो ना. उभ्या गाडीवर.”

सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, श्रीवर्धनचा उस्मान होता. साठीला टेकलेला, कपाळावर चष्मा चढवून काम करणारा. त्याने टाचेनेही दाबता येईल अशी लांब दांडी बसवून दिली. पाय वाचला. मग तपासणी केंद्रातल्या माणसाने गाडीचा कागद, इस्तिमारा, वाचला, वाकून चाकं मोजली, पुन्हा कागद वाचला. कागदावर दोन होती. मागचा सांगाडा आयरिश बुवांनी आपल्या हौसेने बसवला होता आणि नोंद करायचं राहून गेलं होतं. तो माणूस काही चुकीचं बोलत नव्हता, हे चित्राला पटलं. बाळकृष्णांना पटलं नाही. त्या एका चाकाला कागदावर आणायला चार महिने लागले. अरबी अर्ज भरायला शाळेतल्या कारकुनाची मनधरणी तिनेच केली.

तोवर घराचं गॅरेज झालं होतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर नटबोल्ट. कार्ब्युरेटरमध्ये रेती गेली म्हणून बाळकृष्णांनी त्यातले बारीक तुकडे पेट्रोलमध्ये धुतले, आणि ते हरवू नयेत म्हणून चहाच्या गाळणीत धरले. दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला घोट घेऊन चित्राने कप बेसिनमध्ये ओतला.

तिने उस्मानला फोन केला. “उस्मानभाई, खरं सांगा, ही गाडी धड होणार आहे का?”

“काय सांगू वहिनी,” तो म्हणाला, “मशीन वाईट नाय. पण मोटरसायकलवाल्याला वाटतं ही मोटार आहे, मोटारवाल्याला वाटतं मोटरसायकल. पार्ट मागायला गेलो की दोघंही हात वर करतात.”

मुग्धा पुण्याहून म्हणाली, “आई, लेट हिम एन्जॉय ना.” चित्राने फोन ठेवून दिला.

डिसेंबरात ती एकदाच मागच्या लाल उशीवर बसली. चाळीस किलोमीटर. परतल्यावर हेल्मेट काढलं तेव्हा तिच्या दातांत रेती करकरत होती.

“कसं वाटलं?” बाळकृष्णांनी मोठ्या आशेने विचारलं.

“तुमच्या जॅकेटच्या पाठीवर सतरा टाके उसवलेत,” ती म्हणाली. “दुसरं काही दिसलं नाही. मी माझ्या गाडीने मागून येते.”

जानेवारीत ते निघाले असे: पुढे ट्राइकवर बाळकृष्ण, मागे करड्या गाडीत चित्रा, आणि तिच्या मागच्या सीटवर बॅगांऐवजी जादा टायर, ऑइलचे डबे, हत्यारांची पेटी. बॅगा तिच्या शेजारी. ट्रक हॉर्न देत दोघांना मागे टाकत होते. तिने ऐंशीच्या वर काटा नेला नाही. रियाध गेलं, कसीम गेलं, हाइल गेलं. रोज मुक्कामाला बाळकृष्ण ट्राइकखाली आणि ती खुर्ची टाकून बॅटरी धरून.

हाइलच्या पुढे दोनशे किलोमीटरवर मागच्या चाकांना फिरवणारा पट्टा तुटला. ट्राइक घरंगळत कडेला थांबली. दोन्ही बाजूंना सपाट, तांबूस माळ, आणि वारा असा गार की डोळ्यांतून पाणी यावं. जादा पट्टा होता, पण तो अर्धा इंच अरुंद निघाला. बाळकृष्ण तो हातात घेऊन बसून राहिले.

“मापून घेतला नव्हता?” चित्राने विचारलं.

“डब्यावर नंबर बरोबर होता.”

तिने गाडीचं दार जोरात आपटलं. “एकतीस वर्षं पंप सांभाळलेत. तिथे डब्यावरचा नंबर बघून भाग बसवत होतात?”

बाळकृष्ण पट्ट्याकडेच बघत म्हणाले, “चोवीस वर्षं तुला काळ्या काचांच्या मागे बसवून फिरवलं. वाटलं, एकदा मध्ये काच नसताना दाखवावं सगळं. म्हणून घेतली.”

चित्राला भरून आलं आणि तितकाच संतापही आला. “मला विचारायचं होतं ना! मला काचेचं काही वाटत नाही हो. मला मागे बसायचं नाहीये. सात वर्षं झाली, मी पुढे बसते, स्टिअरिंग धरते, आणि तेच मला आवडतं. हे तुम्हाला कधी दिसलं नाही?”

“दिसलं,” बाळकृष्ण म्हणाले. “पण मला वाटलं तू गरजेपुरती चालवतेस.”

तिने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि एक त्यांच्या हातात दिला.

दोन तासांनी गाड्या उचलून नेणारा ट्रक आला. चालक पेशावरकडचा. त्याने ट्राइकभोवती एक फेरी मारली. “साहब, ये मोटरसायकल है या रिक्शा?”

बाळकृष्णांचा चेहरा पडला. चित्रा हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. शेवटी तेही हसले, पण थोडेसेच.

ट्रकने ट्राइक तबूकला पोचवली. तिथल्या गॅरेजवाल्याची गव्हाची शेती होती. पाण्याच्या पाइपांवर नजर ठेवायला असं वाहन बरं, म्हणून त्याने ट्राइक विकत मागितली. “रिव्हर्स चालतो?”

“कधीकधी,” बाळकृष्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं. कागद मात्र चोख होते, तीन चाकांसकट, आणि सौदा दुपारपर्यंत झाला. निघताना त्यांनी त्याला पट्ट्याचं योग्य माप चिठ्ठीवर लिहून दिलं. गॅरेजच्या दारात ते जरा रेंगाळले. चित्राने हॉर्न वाजवला नाही.

पुढचे सोळा दिवस गाडी तिने चालवली. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. बाळकृष्ण शेजारी सीट मागे सरकवून, पाय लांब करून बसत आणि दर अर्ध्या तासाने सांगत, “ट्रक आहे पुढे.”

“दिसतोय मला.”

“इंजिनाचा आवाज ऐकलास का? टायमिंगचा प्रॉब्लेम असणार.”

“पंख्याचा आवाज आहे तो. एसी बंद करा.”

यान्बूच्या पुढे एकदा त्यांनी इंजिन उघडून बघायचं म्हणून हट्ट धरला. चित्राने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि एकटीच पाण्याकाठी जाऊन बसली. थोड्या वेळाने तेही लंगडत आले. समोर पाणी हिरवं, मग एकदम निळं होत होतं. अर्धा तास कुणी काही दुरुस्त केलं नाही.

जिझानला पोचले तेव्हा इकाम्याचे पाच दिवस उरले होते. बाळकृष्णांचा जुना सहकारी सत्यजित आता तिथल्या रिफायनरीत होता. करडी गाडी त्याने घ्यायची, असं आधीच ठरलं होतं. किल्ली देताना चित्राचा हात क्षणभर थांबला.

“क्लच जरा हळू सोडायचा,” ती म्हणाली. “आणि उगाच काही उघडायचं नाही.”

विमानात बाळकृष्णांनी खिशातून कागद काढला. नाशिकला गेल्यावर घ्यायच्या गाडीबद्दल मुद्दे लिहिले होते. चित्राने त्यांच्या हातातून पेन घेतलं, कागद आपल्या मांडीवर ओढला आणि पहिल्यापासून खोडायला सुरुवात केली.