कडी काढणारे हमीदचाचा

हमीदचाचा कामावर रुजू झाले त्या सकाळी त्यांनी सुरी मागितली नाही, पातेली पाहिली नाहीत, फ्रीजही उघडला नाही. स्क्रूड्रायव्हर मागितला. कॅन्टीनच्या दाराची आतली कडी आणि बाहेरचा कोयंडा त्यांनी दहा मिनिटांत खोलला आणि स्क्रूड्रायव्हरसकट मसाल्याच्या कपाटात हळदीच्या डब्यामागे ठेवून दिला. मी तेव्हा त्या साइटवर नुकतीच अॅडमिन ऑफिसर झाले होते आणि नव्या माणसाचा असतो तेवढा कडकपणा माझ्या अंगात होता. म्हटलं, "चाचा, हे काय? ही कंपनीची प्रॉपर्टी आहे."

"कंपनीचीच हाय. कपाटात ठेवली, खाल्ली नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दाराला कडी घालनारा मानूस म्हणजे खुनी. समजलाव ताय?"

मला काही समजलं नव्हतं. पहिल्याच भेटीत 'ताई' म्हणणारा आणि त्याच वाक्यात खुनाची भाषा करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमची साइट आखातात, खलिफा सिटीच्या पलीकडे होती. व्हिलांची कॉलनी उभी राहत होती. ऑफिस पोर्टाकॅबिनमध्ये आणि त्याला लागून कॅन्टीन, तेही पोर्टाकॅबिनच. लोखंडी पायऱ्या, आत दोन एसी. कॅन्टीन आम्हा स्टाफसाठी. कामगारांचं जेवण कॅम्पवरून डब्यातून यायचं आणि ते जिथे सावली मिळेल तिथे खायचे. हमीदचाचा रत्नागिरीकडचे, पासष्टीला टेकलेले, बुटके, आणि राग सदैव नाकाच्या शेंड्यावर. भाजी चिरताना कोबीवर रागवायचे, भात शिजताना भातावर. शुक्रवारी शारजात रोल्लाला भाच्याकडे जायचे, तिथेही भांडूनच परत यायचे. पण त्यांच्या हातची सोलकढी प्यायल्यावर त्यांच्याशी भांडायची कोणाची छाती नव्हती.

कडीचा उलगडा मला हळूहळू झाला. चाचा तरुणपणी जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. एकदा जहाज पार उत्तरेला, नॉर्वेच्याही वर, बर्फातल्या एका बेटावर दुरुस्तीला थांबलं आणि चाचा तिथेच उतरले. कोळशाच्या खाणीची वस्ती होती, खाणीच्या मेसला स्वयंपाकी हवा होता. तिथे नऊ वर्षं राहिले. त्या गावाचं नाव ते कधीच घेत नसत. 'वर' म्हणायचे. "वर असताना" म्हटलं की आम्ही चमचे खाली ठेवायचो.

वर झाडं नव्हती. घरं खांबांवर, कारण खालची जमीन गोठलेली, ती वितळली की घर कलंडतं. ऑक्टोबर संपताना सूर्य जायचा आणि मग तीनेक महिने मिट्ट काळोख. दुपारी बारालाही दिवा लावून कांदा चिरायचा. फेब्रुवारीत सगळीकडे निळा उजेड पसरायचा, सूर्य मात्र डोंगराआडच. मग मार्चात एका ठरलेल्या दिवशी सगळी वस्ती एका जुन्या पायरीपाशी जमायची, पोरांच्या गालांना पिवळा रंग, आणि वरच्या पायरीवर पहिलं ऊन पडलं की एकच आरडाओरडा. त्या दिवशीचे गोड पाव करायचं काम चाचांचं. उन्हाळ्यात उलटं, सूर्य मावळायचाच नाही. खिडक्यांना चांदीचा कागद चिकटवून झोपायचं. बर्फ वितळून सगळा चिखल, आणि एक पांढरं पाखरू असं खवट, की माणसाच्या टाळूवर चोच मारायचं; म्हणून लोक डोक्यावर काठी उभी धरून चालायचे. वर्षातलं पहिलं जहाज आलं की ताजा कोबी बघून धट्टेकट्टे खाणकामगार रडायचे.

आणि अस्वलं. पांढरी. वस्तीबाहेर बंदुकीशिवाय जायचं नाही आणि वस्तीत कोणी दाराला कुलूप लावायचं नाही. "अस्वल मागं लागला तर मानसान पयली बेल मारायची काय?" चाचा विचारायचे. "जो दरवाजा म्होरं दिसंल तो लोटायचा आणि आत. घर कोनाचा, काय, मागनं." शिवाय दारात बूट काढायचे, कितीही मोठा साहेब असो.

ही दोन्ही कलमं चाचांनी आमच्या कॅन्टीनला लावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "तिकडचा डिसेंबर तोच इकडचा जुलै. भायेर ऱ्हायला तो मेला. तिकडे पांढरा अस्वल, इकडे हा बिनरंगाचा."

इथे उन्हाळ्याचे तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं. नियम चांगला आहे. पण त्या अडीच तासांत माणसाने जायचं कुठे, याचं आमच्या साइटचं उत्तर होतं ताडपत्रीची शेड आणि एक पंखा. शेडमध्ये पारा त्रेचाळीसवर. पंखा गरम वारा तोंडावर मारायचा. चाचांनी पहिल्याच जूनमध्ये कामगारांना सांगून टाकलं, "बूट भायेर, मानूस अंदर, यल्ला, चला." स्टाफची जेवणं टेबलावर आणि खाली लादीवर चाळीसएक माणसं ओळीने आडवी. पायऱ्यांखाली चाळीस जोड बूट. आमच्यातल्या काहींनी वासाबद्दल नाकं मुरडली. चाचा म्हणाले, "वास येतो तर नाक भायेर काढून ठेवा, बुटांसंगती."

ऑक्टोबर लागला की ते रोज सकाळी सातला पायरीच्या लोखंडी कठड्यावर तळवा ठेवायचे आणि दहा आकडे मोजायचे. ज्या दिवशी दहापर्यंत हात टिकायचा, त्या दिवशी सांदणं. नारळाच्या रसातली, वेलची घातलेली, पांढरीशुभ्र. सगळ्यांना, सुतारापासून साहेबापर्यंत, आणि खायची पायरीवर उभं राहूनच. "सूर्य मानसात आला," म्हणायचे. वर्षातून तेवढ्या एका दिवशी ते कोणावर रागवायचे नाहीत.

असे तीन उन्हाळे गेले. चौथ्या जूनमध्ये क्लायंट व्हिजिटला आला आणि त्याला पायऱ्यांखाली बूट दिसले.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचे. नाव लिहीत नाही, लिहायची त्यांची लायकी नाही. स्वतःला भलते सुसंस्कृत समजणारे. दिवाळीला घरी गाण्याची बैठक ठेवणारे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अगं, हे बरं दिसत नाही. हायजीन आहे, लायबिलिटी आहे. उद्या कोणी म्हणेल स्टाफच्या जागेत लेबर झोपतं. आपण शेड प्रोव्हाइड केलीय ना? खलास. डोअरला अॅक्सेस कार्ड लाव. ओन्ली स्टाफ. सर्क्युलर तू काढ, तुझं ड्राफ्टिंग चांगलं आहे."

माझं ड्राफ्टिंग खरंच चांगलं आहे. मी चार ओळींचं गुळगुळीत सर्क्युलर लिहिलं, खाली सही केली आणि कॅन्टीनच्या दारावर माझ्या हाताने चिकटवलं. चाचांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "बरा लिवलाव, मॅडम."

मला वाटलं, एकदोन दिवसांचा रुसवा आहे. त्यांच्या तोंडी 'ताई' पुन्हा येईल. आली नाही.

रामप्रवेश नावाचा एक सुतार होता. बिहारचा, पन्नाशी ओलांडलेला, मान खाली घालून काम करणारा. ऑगस्टमधला दिवस, हवा इतकी दमट की चष्म्याच्या काचा पुसून पुसूनही ओल्या. दुपारी एक वाजता आम्ही जेवत होतो. साहेब, मी, दोन इंजिनिअर. दारावर थाप पडली. हळू. मग पुन्हा. मी खुर्ची मागे सरकवली तेव्हा साहेब आमटीत पोळी बुडवत म्हणाले, "बस गं. रूल म्हणजे रूल. एकाला उघडलं की चाळीस येतील."

मी बसले. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. दार आतून नुसतं बटण दाबून उघडत होतं, बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं, आणि मी बसले. तिसरी थाप आली नाही आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

आतल्या स्वयंपाकघरात एक्झॉस्टचा घोंघाट असायचा, म्हणून चाचांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते काकडी घेऊन बाहेर आले आणि दाराच्या छोट्या काचेतून त्यांना पायरीवर काहीतरी दिसलं. काकडीची थाळी त्यांच्या हातातून पडली. दार उघडलं तसा रामप्रवेश आत कलंडला, कारण तो दारालाच टेकून बसला होता. अंग सुकं, भट्टीसारखं तापलेलं, डोळे वर गेलेले. पायांत बूट नव्हते. ते त्याने काढून पायरीखाली नीट लावून ठेवले होते.

चाचांनी फ्रीजरमधला सगळा बर्फ त्याच्या काखांत, मानेशी लावला. मला ओरडून अॅम्ब्युलन्स बोलवायला लावली. ती त्याला घेऊन गेली. मग त्यांनी हळदीच्या डब्याजवळून स्क्रूड्रायव्हर आणला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ते कार्डाचं कुलूप वायरींसकट खोलून काढलं. साहेब "हमीद, हमीद" करत राहिले. चाचा टेबलापाशी आले आणि कुलूप साहेबांच्या आमटीच्या वाटीत ठेवलं.

"जेवा," म्हणाले.

रामप्रवेश वाचला. म्हणजे जिवंत राहिला. मूत्रपिंडं कायमची बिघडली आणि त्याला गावी पाठवून दिलं. रिपोर्ट मीच लिहिला. त्यात 'विश्रांतीच्या ठरलेल्या वेळेत प्रकृती बिघडली' असं होतं, 'तातडीने प्रथमोपचार' होते. थापा नव्हत्या. त्या रात्री घरी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगत होते, तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "बट आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट ओपन इट?" मी तिच्यावर ओरडले. ज्याच्यावर ओरडायचं होतं त्याच्यावर ओरडायची माझी हिंमत नव्हती, आणि स्वतःवर ओरडायची तर त्याहून नव्हती.

चाचांना काढलं. मालमत्तेचं नुकसान, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. व्हिसा कॅन्सलचे कागद घेऊन ते माझ्याच टेबलाशी आले. मी म्हटलं, "चाचा, मला माफ करा. माझा नाइलाज होता."

ते सह्या करून उठले. मग उभ्यानेच बोलले.

"वर एकदा अस्वल मागं लागला. मी धावलो नि दिसंल त्या घरात घुसलो. आत म्हातारी होती, जेवत होती. मला तिची भाषा नाय, तिला माझी नाय. तिन सूप वाढला नि खिडकीतना अस्वल बगत बसली. नाव पन नाय विचारलान. मला आजपन तिचा नाव ठाव नाय." कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवले. "तुमचा नाव मला ठाव हाय, मॅडम. सर्क्युलरच्या खाली हाय."

त्या ऑक्टोबरात कठड्यावर कोणी हात ठेवला नाही. सांदणं झाली नाहीत. दाराला नवं कुलूप आलं होतं.

यंदा मे संपता संपता साहेबांनी तेच सर्क्युलर माझ्याकडे पाठवलं. "सेम अॅज लास्ट इयर, फक्त डेट चेंज कर." मी केली नाही. म्हटलं, सही करणार नाही. त्यांनी खांदे उडवले आणि दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली. मला भलताच अभिमान वाटला. लगेच चाचांना गावी फोन लावला. वर्षात पहिल्यांदा. म्हटलं, "चाचा, यंदा मी सही केली नाही."

"बरा केलाव. मग दार उघडला काय?"

"नाही, दुसऱ्याने सही..."

"मग?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

तो 'मग' मला पंधरा दिवस पुरला. जूनची मधली सुट्टी सुरू झाली त्या दिवशी साडेबाराला मी उठले, माझ्या कार्डाने कॅन्टीनचं दार उघडलं, ते आपोआप बंद होतं म्हणून एक खुर्ची उंबऱ्यात ठेवली आणि तिच्यावर बसले. लॅपटॉप मांडीवर. शेडकडे बघून ओरडले, "बूट बाहेर, माणूस अंदर, यल्ला!" आधी कोणी हललं नाही. मग एक आला, मग सगळे. साहेब तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा वॉर्निंग लेटर दिलं, तिसऱ्यांदा एसीच्या बिलाबद्दल बोलले. मी म्हटलं, "दार लावायचं असेल तर आधी खुर्ची उचला. मी वजनाला कमी नाही." नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. गेले अकरा दिवस मी रोज तिथे बसते आहे आणि अजून माझा राग उतरलेला नाही. उतरूही नये.

काल एका गवंड्याकडून फोटो काढून घेतला. उंबऱ्यात मी, मागे लादीवर आडवी माणसं, पुढे बुटांची रांग. चाचांना पाठवला. संध्याकाळी फोनवर त्यांचा आवाज आला, तोच, कोबीवर रागवणारा.

"ताय, खुर्ची जरा बाजूला घ्या. मानसांची वाट अडवून बसलाव."