मामाचा रुमाल

माझ्या मामाने उजव्या हाताने कधी खिळा ठोकला नाही की अडकलेलं दार ओढलं नाही. असली कामं डाव्या हाताची, नाहीतर मामीची. उजव्या हाताला तो रोज सकाळी कोमट तेल लावायचा आणि बोटं अशी कडाकडा मोडायचा की शेजारचे दचकायचे. "हे माझं दुकान आहे," पंजा पसरून तो सांगायचा.

"मग झाडून घे की स्वतःच," मामी म्हणायची.

मिरचीच्या बाजारात मामाचं अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याने आणलेला माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधली अडत, म्हणजे दलाली, घ्यायची, हा धंदा. अख्खा बाजार त्याला मामाच म्हणतो, त्यामुळे मी सख्खी भाची असूनही मला तिथे काडीचा मान नाही. भाव ठरायचा तो रुमालाखाली. मामा खांद्यावरचा मोठा रुमाल काढून व्यापाऱ्याच्या हातावर टाकायचा, स्वतःचा हात आत घालायचा आणि बोटांची दाबादाबी सुरू व्हायची. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, पेर दाबलं की अर्धा. तोंडाने हवापाण्याच्या आणि गुडघेदुखीच्या गप्पा, आत व्यवहार. एका व्यापाऱ्याने काय दिलं ते दुसऱ्याला कळू नये म्हणून ही रीत. ते शेतकऱ्यालाही कळायचं नाही, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

या हाताची मामाला इतकी सवय झाली होती की भाजीवालीशी घासाघीस करतानाही तो तिचा हात धरायला गेला. तिने तराजूतलं वजन उचललं. तेव्हापासून भाजी मामी आणते.

आमची मिरची मामाकडेच जायची. आई त्याची धाकटी बहीण. गाडी मी चालवायची, पोती आम्ही दोघींनी उतरवायची, आणि मग आई हाताची घडी घालून रुमालापासून हातभर अंतरावर उभी राहायची. रुमाल उचलला की मामा भाव सांगायचा आणि आई म्हणायची, "बरं." बस्स. घरात सगळ्यांना धारेवर धरणारी माझी आई तिथे पोचली की गरीब गाय व्हायची. मला ते बघवत नसे.

"आत काय ठरतं ते तुला कुठे दिसतं?" मी एकदा चिडून म्हटलं. "उद्या मामाने तुलाच मामा बनवलं म्हणजे?"

"पुढे बघून गाडी चालव," आई म्हणाली.

आणि मग सरकारने रुमालच बंद केला. बाजाराच्या मोठ्या शेडमध्ये भिंतभर बोर्ड लागला. माल आधी तपासणीच्या खोलीत जाणार, तिथे त्याचा ओलावा आणि रंग बघून प्रत ठरणार, व्यापारी आपापल्या फोनवरून बोली लावणार आणि सगळ्यात वरची बोली बोर्डावर झळकणार. शेतकऱ्याच्या फोनवर संदेश येणार: 'हो' किंवा 'नाही' दाबा. शिवाय ज्याला अडत्या नको असेल त्याने सरळ खोलीत माल नेऊन द्यावा, कुणाची मध्यस्थी नको. मला तर हे ऐकून नाचावंसं वाटलं.

मामाने मात्र बोर्डाविरुद्ध कंबर कसली. बोर्डाच्या उजेडाने मिरचीचा रंग उडेल, असं त्याने आधी सांगून बघितलं. मग उंदीर वायरी खातील म्हणाला. मग उंदीर खाणार नाहीत, पण कावळे घरटं करतील म्हणाला. एके दिवशी मला दुकानात बसवून, चहा पाजून, इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "चिमी काय म्हणते गं बोर्डाबद्दल?"

चिमी म्हणजे आई. तिला असं म्हणणारा जगात तो एकटाच उरला आहे.

"म्हणते, येऊ दे."

"अजून काय?"

"काही नाही."

"माझ्याकडेच आणेल ना गं माल?" मामाचा चहा तसाच होता. "आता उघड्यावर भाव दिसला की लोक मागचं आठवत बसणार. उद्या चिमीने विचारलं, इतकी वर्षं आत काय चाललं होतं, तर मी तिला काय दाखवू? रुमाल?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. बहीण तुटेल या भीतीने त्याची झोप उडाली होती, आणि मी कावळ्यांवरून त्याची टर उडवत होते.

बोर्डाची तालीम घ्यायला बाजार खात्याच्या मॅडम आल्या. बाई खमकी, पण मिरचीच्या बाजारात पहिल्यांदाच आलेली. दर वाक्याला शिंक. तरी शिंकत शिंकत त्यांनी सगळं नीट समजावलं, कुणी वाकडं विचारलं तरी चिडल्या नाहीत. अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना एका लांब टेबलाशी बसवून त्यांनी खोटी बोली लावायला सांगितली. सगळ्यांचे फोन टुणटुणायला लागले. फक्त मामा आणि त्याच्या शेजारचा नाकशेठ, म्हणजे मिरची नुसती हुंगून घेणारा व्यापारी, दोघे छताकडे बघत हवापाण्यावर बोलत होते. मॅडमनी टेबलावरचं कापड वर केलं. खाली दोघांचे हात एकमेकांत.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूने बसायचं आहे. आणि शेठ, तुम्ही फोन दाबायचाय, मामांना नाही."

शेड हास्याने दणाणली. मामाही हसला, पण उगाच, लोकलाजेस्तव.

बोर्ड सुरू झाला त्या दिवशी पहिला माल द्यायला कुणी तयार होईना. जो तो शेजाऱ्याला पुढे ढकलत होता. आई म्हणाली, "माझी पोती घ्या." मामाने खांद्यावरचा रुमाल सारखा केला.

तपासणीत आमच्या मिरचीला वरची प्रत मिळाली. मी उगाचच ताठ उभी राहिले. मग बोर्डावर आकडे हलायला लागले, चढले, थांबले. आईचा फोन वाजला. भाव चांगला होता, गेल्या वर्षीपेक्षा चांगला. सगळी शेड आईकडे बघत होती आणि मामा जमिनीकडे.

"चिमे, 'हो' दाब," तो पुटपुटला.

आईने फोन माझ्या हातात दिला. मग तिने मामाच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याचा उजवा हात धरला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

"अहो ताई, रुमाल बंद आहे आता!" मॅडम शिंकून ओरडल्या.

"भाव नाही करत, मॅडम. घरचं बोलणं आहे."

रुमाल हलला. आत काय चाललंय ते मला दिसेना, मामाचा चेहरा मात्र दिसत होता. आधी तो गोंधळला. मग त्याचे डोळे विस्फारले. मग सगळा चेहराच उतरला. आईने रुमाल काढला, घडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आता सांग दादा, देऊ का?"

मामाने बोर्डाकडे बघितलं, नाकशेठकडे बघितलं. "नको," तो म्हणाला. "शेठ अजून चढतील. नाक खाजवतायत."

आईने माझ्या हातातून फोन घेऊन 'नाही' दाबलं. दुसऱ्या फेरीत शेठ खरंच चढले, आणि मग तिने 'हो' दाबलं.

परतताना मामा आमच्याच गाडीत बसला, आमच्या दोघींच्या मध्ये, गुडघे छातीशी घेऊन. गाडी बाजाराबाहेर पडली. मग तो म्हणाला, "माझ्या हातावर आधी तीन बोटं दाबलीस. मग चौथं."

"तू छप्पर घातलंस त्या वर्षी," आई म्हणाली. "मला सांगितलेस तीन. घेतले होतेस चार."

"तुला कधी कळलं?"

"तिथल्या तिथे."

"अगं पण रुमाल होता!"

"रुमाल हातावर होता. कोपर बाहेर होतं. चौथं बोट धरलंस की तुझं कोपर आत येतं. लहानपणी चादरीखाली माझ्याच हातावर शिकलास ना? सरावाला माझा हात चालायचा. मग बाबा तुला बाजारात घेऊन गेले आणि मला म्हणाले, तुला काय करायचंय शिकून."

मी गाडी कडेला घेतली. सरळ चालवणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं जिला मी गरीब गाय समजत होते, ती हाताची घडी घालून एकेक बोट वाचत उभी होती.

"मग बोलली का नाहीस?" मामाने विचारलं.

"छप्पर गळत होतं तुझं. पोरांची अंथरुणं भिजत होती. मागितलं असतंस तर अख्खा पंजा दिला असता, दादा. तू मागितलं नाहीस. घेतलंस. तेवढंच मला लागलं."

मामा रडायला लागला. मिरचीच्या बाजारात रडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पण गाडीत आता मिरची नव्हती. आईने रुमालाची घडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"पूस डोळे," ती म्हणाली. "आणि त्या बोर्डाला नावं ठेवू नकोस. मला हवाच होता तो. दरवर्षी तुझ्या कोपरावर नजर ठेवून माझी मान धरायला लागली होती."

आमची मिरची अजून मामाच्याच दुकानात उतरते. चाळून, निवडून खोलीत तोच नेतो, उजव्या हाताने पोतीसुद्धा उचलतो. बोली सुरू झाली की आई बोर्डासमोर उभी राहते आणि मामा तिच्यापासून हातभर अंतरावर, हाताची घडी घालून. बोर्ड भिंतभर आहे, आकडे शेडच्या दारातूनही दिसतात, पण मामा तिकडे बघत नाही. आईकडे बघत राहतो. ती फोन दाबते आणि त्याला भाव सांगते.

"बरं," मामा म्हणतो.