कोऱ्या कागदावरची सही

गॅसच्या विहिरींवर बसणारे व्हॉल्व्ह अंबरनाथच्या एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये, दुरुस्त होतात. विहिरीतला दाब उसळला तर वर उभ्या असलेल्या माणसांना तेवढंच लोखंड वाचवतं, हे मला मिस्त्रीकाकांनी शिकवलं. बीडकडून आलेली, आठवीत शाळा सुटलेली मी पॅकिंगला होते. हिला अर्धा तास दाबाच्या काट्याकडे बघत बसता येतं, पुरुषांना येत नाही, असं शेठला सांगून त्यांनीच मला टेस्टिंगला घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

व्हॉल्व्हमध्ये पाण्याचा दाब चढवायचा. शेजारी गोल कागद फिरतो, त्यावर पेन रेघ काढतो. दाब टिकला तर रेघ गोल फिरते, गळती असेल तर आत वळते. सरकारी साहेबांनी समोर उभं राहून हे बघायचं आणि सही करायची, असा नियम.

आमचे साहेब एसी केबिनमध्ये बसून बघत. शेठ उल्हासनगरहून दाल-पकवान आणायचे. ते खाता खाता साहेब पाच-सहा कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत. वर तेलकट बोटं उमटत. कागद मात्र नंबराचे, एकही कमी पडला तर ऑफिसला जाब द्यावा लागे. कागदांवर एवढी माया, माणसांवर तेवढी असती तर!

आमची रीत अशी, की आधी कागद न लावता दाब चढवून बघायचा. पास झाला की मग कागद लावायचा. त्या दिवशी एका व्हॉल्व्हचा दाब तीनदा उतरला. काका रजेवर होते. माल न्यायची गाडी बाहेर उभी होती. शेठ म्हणाले, "कालवाला पास झालेला व्हॉल्व्ह चढव ना बेटा, रेघ रेघच असते."

नोकरी गेली तर परत बीड, एवढंच डोक्यात फिरत होतं. तरी मी सहीचा कागद लावला आणि तोच गळका व्हॉल्व्ह चढवला. रेघ आत वळली, सहीच्या खालून.

शेठनी मला नको नको ते ऐकवलं. पण नंबराचा कागद फाडणार कसा? शेवटी साहेबांना उठावं लागलं. पकवानाचा तुकडा हातात तसाच धरून ते पहिल्यांदा टेस्टिंगच्या ओल्या फरशीवर आले, कागद जवळ धरून बराच वेळ बघत राहिले.

"ही आत का गेली?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं, दम देतायत. पण नाही, ते खरंच विचारत होते. इतकी वर्षं हा माणूस दाबाच्या तपासणीचा पगार घेत होता आणि उतरलेली रेघ कशी दिसते ते त्याला ठाऊक नव्हतं. आठवीपर्यंत शिकलेल्या बाईने त्याला सांगितलं, साहेब, हा गळतोय.

व्हॉल्व्ह परत दुरुस्तीसाठी खोलायला गेला. माझ्या नोकरीचं काय, ते शेठ अजून बोललेले नाहीत.