दुसऱ्याची तीन अक्षरं

ये बाई, जवळ ये. लांब पुण्यात बसली आहेस हे माहीत आहे मला, पण लिहिताना माणूस समोर बसल्यासारखं वाटलं की माझा हात चालतो, म्हणून म्हणते. आणि आधी रागावून घेते, म्हणजे मग मोकळेपणानं बोलता येईल. अगं, एवढी कॉम्प्युटरची नोकरी करतेस, हाताखाली चार माणसं आहेत, आणि मोबाईलवरच्या खेळात पुढची पायरी जमेना म्हणून कुठल्या अनोळखी पोराला पैसे देऊन तुझ्या जागी खेळायला लावलंस? परवा फोनवर हसत सांगितलंस, "आजी, त्यानं दोन दिवसांत सगळं जिंकून दिलं. तलवार मिळाली, सोन्याचं चिलखत मिळालं, आणि नाव माझंच!" मीही हसले. हसले खरी, पण फोन ठेवल्यावर तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

त्या पोराला विचारलंस का गं, बाबा, तुझं नाव काय? नसशील विचारलं. कुणी विचारत नाही.

तुझ्या आईनं तुला कधी सांगितलं नसणार, पण ती हेच काम करायची. नव्वद सालानंतर पाच-सात वर्षांनी, इस्लामपुरात, आपल्याच घरात. दुसऱ्याचं नाणं, दुसऱ्याचं नाव आणि हात तिचा. तिला कॉम्प्युटर शिकायचा होता. ते शिक्षण हातात आलं होतं आणि या खेळापायी गेलं. गेलं म्हणजे मी घालवलं. तेवढं एक लिहायला आज बसले आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

तुझे आजोबा मिलिटरीतनं पेन्शनवर आले तेव्हा आमच्या गल्लीत कुणी किराणा घातला होता, कुणी पिठाची गिरणी. ह्यांनी छावणीच्या गावात व्हिडिओ गेमची दुकानं बघितली होती. तिथं गर्दी कशी असते, पोरं खिशातलं शेवटचं नाणंसुद्धा कशी टाकतात, हे बघून ह्यांच्या डोक्यात तेच बसलं. फंडाचे पैसे घालून तीन जुनी मशीनं टेंपोतनं आणली. माणसाच्या उंचीची, लाकडी. टेंपो दारात थांबला तशी शेजारीण पदर खोचत आली.

"कपाटं आणली व्हय गं? पोरीच्या लग्नाची तयारी लयच लवकर चालवलीया."

"कपाटं न्हाईत," मी म्हटलं. "त्यात टीव्ही हाय."

"तीन-तीन टीव्ही? आन् बघायचा कुणी?"

"बघायचा न्हाई. खेळायचा."

ती मशीनांभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "मिलिटरीत डोक्याला मार लागला नव्हता न्हवं ह्यांच्या?"

तर असं ते दुकान. बाहेरची खोली, दाराला काळा पडदा, आत मशीनांचा कलकलाट. एस.टी. स्टँड जवळ, कॉलेज जवळ, पोरं यायची भरपूर. दुपारी जेवून हे झोपले की शटर अर्धं खाली ओढायचं. त्या वेळात तुझी आई आत शिरायची. अकरावीला होती ती. मशीनचं खालचं दार उघडून आतली एक तार दाबली की नाणं न टाकता खेळ सुरू व्हायचा, ते तिनं कधीच हेरून ठेवलं होतं. तिला आवडायचा तो विमानांचा. समोरनं विमानं यायची, ती पाडायची, आपलं वाचवायचं. मी पडद्याआडनं बघितलं तर पोरगी एका हातानं खेळते आणि मधे मधे मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपून ठेवते.

"काय लिहितीस गं?"

"आई, ही विमानं मनानं येत न्हाईत. कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय त्यांनी कुठनं यायचं ते. रोज त्याच वाटेनं येतात. लिहून ठेवलं की झालं." मग थांबून म्हणाली, "हे ठरवणारं माणूस कुठं बसत असंल?"

मला काय ठाऊक कुठं बसतं. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच, मला कॉम्प्युटर शिकायचाय. सांगलीला दोन वर्षांचा कोर्स होता. त्याची फी आम्हाला झेपणारी नव्हती. फंड तर दारात तीन कपाटं होऊन उभा होता.

एकदा काय झालं, कॉलेजचा एक पोरगा त्या विमानात अडकला. मोठं जहाज यायचं आणि ह्याचा खेळ संपायचा. चार नाणी गेली. तुझी आई आतल्या दारात भांडी पुसत उभी होती, तिला राहवेना. "डावीकडं नको जाऊ, डावीकडनंच मरतोस," म्हणाली. तो वैतागून म्हणाला, "मग तूच खेळ की, लय कळतंय तर!" हिनं हात पुसले आणि खेळली. जहाज बुडवलं, त्याच्याही पुढं गेली. सगळ्यात जास्त गुण झाले की मशीन तीन इंग्रजी अक्षरं मागायचं, म्हणजे जिंकणाऱ्याचं नाव वरती दिसत राहायचं. ही आपली अक्षरं घालायला लागली तसा तो ओरडला.

"ए, थांब! नाणं माझं हाय!"

"पण खेळले मी."

"काका, तुमीच सांगा आता!"

ह्यांनी खुर्चीतनं न उठता न्याय केला. ह्यांच्या वडिलांची शर्यतीची बैलं होती, तुला माहीत आहे. हे म्हणाले, "शर्यतीत लाउडस्पीकरवर नाव कुणाचं पुकारतात? मालकाचं. गाडी हाकतो कोण? गाडीवान. त्याचं नाव घेतात का? न्हाई. त्याला नारळ, फेटा आन् त्याची मजुरी. नाणं ज्याचं, नाव त्याचं. घाल पोरी त्याची अक्षरं."

सगळ्यांना पटलं. आमच्या भागात हे कुणालाही पटेल, शर्यतीचं मैदान बघत मोठं झालेलं माणूस दुसरं काय म्हणणार? तुझ्या आईलाही पटलं. तिनं अक्षरं घातली, पोरानं वरती दोन रुपये दिले, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं गाडीवानीण. "गाडीवानीण, जरा हे जहाज बुडवून दे." "गाडीवानीण, माझं नाव त्याच्या वर आण, मग जा भाकरी करायला." ती हसायची. मशीनवर पहिल्या पाचांत सगळी तिचीच कामगिरी, आणि तिची तीन अक्षरं कुठंच नाहीत. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. बघ, आपल्या हातानं आपण कसला नियम केला होता ते.

गिऱ्हाइकांत एक बागायतदाराचा मुलगा होता. विशी उलटलेला, मोटरसायकलवर यायचा, बरोबर आठ-दहा जणांची पलटण. खरं सांगायचं तर दुकान त्या पलटणीवरच चालायचं. वाईट नव्हता, उधळ्या होता. तो एक दिवस मला म्हणाला, "काकू, साताऱ्यात नवा कॉम्प्युटर क्लास निघालाय. त्यांनी मांडवात हेच विमानाचं मशीन ठेवलंय, दिवसभराची स्पर्धा हाय. टीव्ही हाय म्हणं बक्षिसाला. गाडीवानिणीला घेऊन चला तुमी. जायचा-यायचा खर्च माझा, वर शंभर रुपये."

"आन् नाव?" मी विचारलं.

"नाव माझं की. पेपरात फोटो येणार हाय काकू!"

मी हो म्हटलं. शंभराची नोट आधीच दिली त्यानं. तुझी आई मागनं हळूच म्हणाली, "आई, तिथं खरा कॉम्प्युटर बघायला मिळंल." त्यासाठीच ती निघाली, टीव्हीचं तिला काहीच नव्हतं.

सकाळच्या एस.टी.नं गेलो. मांडव मोठा, पोरांची ही झुंबड, त्यात आम्ही दोघीच बायका. मशीनवर जाऊन खेळायचं, तीन अक्षरं घालायची, चार वाजता ज्याची अक्षरं सगळ्यात वर असतील त्यानं टेबलापाशी येऊन पूर्ण नाव सांगायचं, असा तो प्रकार. हात कुणाचा होता ते कुणीच विचारत नव्हतं. आमचा मालक, म्हणजे तो बागायतदाराचा मुलगा, गर्दीला कंटाळून मित्रांबरोबर वडा खायला गेला. "तुमी चालू द्या काकू, मी आलोच."

तुझ्या आईचा नंबर आला तेव्हा साडेतीन झाले असतील. खेळ निम्म्यावर आला आणि लाउडस्पीकरवर बोलायला लागले. दुसरं बक्षीस रंगीत टीव्ही. आणि पहिलं बक्षीस आमच्या क्लासचा दोन वर्षांचा कोर्स, पूर्ण मोफत.

मी तिच्या मागंच उभी होते. तिची मान मला दिसत होती. हात चुकला तिचा, एक विमान गेलं. मग तिनं पाय जरा फाकवून घट्ट रोवले आणि अशी खेळली, अशी खेळली बाई, की आजूबाजूची पोरं आपला नंबर सोडून बघायला आली. खेळ संपला तेव्हा तिच्याइतके गुण कुणाचे नव्हते, जवळपासही नव्हते. पडद्यावर अक्षरांची जागा आली. शेजारी आकडे उलटे पळायला लागले. दहा, नऊ. तेवढ्यात घालायची, नाहीतर ती जागा तशीच कोरी राहायची.

तिनं पहिलं अक्षर घातलं. तिचं स्वतःचं.

आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"आई, त्याला कोर्स नकोय," म्हणाली.

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं. "पण शब्द दिलाय आपण. त्याचंच घाल."

"आई..."

"घाल म्हणते न्हवं!"

पाच-चार राहिले असतील. तिनं आपलं अक्षर मागं फिरवलं आणि त्याची तीन अक्षरं घातली. बटण दाबताना हात अगदी स्थिर होता तिचा. नंतर तिनं मांडवाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कॉम्प्युटरकडं बघितलंसुद्धा नाही. सकाळपासून तो तिथं होता, हात लावू देत होते.

मालक परत आला, नाव बघून नाचला, आणि बक्षीस कळल्यावर त्याचा चेहरा पडला. "कोर्स? आन् टीव्ही दुसऱ्या नंबराला? च्यायला, काकू, जरा कमी खेळायला सांगायचं की हिला!" सगळी हसली. मीही हसले असेन. त्यानं आम्हाला कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दिला. तुझ्या आईनं तो साताऱ्यापासून इस्लामपूरपर्यंत मांडीवर धरला आणि घरात आल्यावर न उघडताच ह्यांच्या हातात दिला.

त्याला बिचाऱ्याला दोष देता येत नाही. चार दिवसांनी ह्यांनी विषय काढला तर तो लगेच म्हणाला, "न्या की काका, मला काय करायचाय? मी येतो संगं सांगायला." दोघं साताऱ्याला जाऊन आले. क्लासवाले म्हणाले, पेपरात ह्या मुलाचा फोटो छापून आलाय, कार्ड त्याच्या नावाचं झालंय, आता नाव बदलता येत नाही. ह्यांनी सांगितलं, खेळली माझी मुलगी. तर ते म्हणाले, मग मुलीनं आपलं नाव घालायचं होतं. हे परत आले, मिलिटरीची टोपी खुंटीला लावली आणि दुकान न उघडता आत जाऊन पडले. तो मुलगा जेमतेम महिनाभर क्लासला गेला, मग सोडून दिला. पुढची सगळी दोन वर्षं साताऱ्यातली ती एक खुर्ची रिकामी होती.

तुझी आई रडली नाही, भांडली नाही. सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना ती विमानांची वही एकेक पान फाडून बंबात घालत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. परत मशीनला तिनं हात लावला नाही. पोरं हाका मारायची, "गाडीवानीण!" ती आतनं ओ द्यायची नाही. पुढं घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले, पलटण पांगली, आणि मशीनं भंगारात गेली. बारावी झाल्यावर तिचं लग्न माण तालुक्यात करून दिलं. जावई मुंबईला कामाला, ही दहिवडीकडं शेरडं सांभाळत. पाऊस नाही, पाणी नाही, पण तुला शिकवलं तिनं. तुला कॉम्प्युटर शिकायला पाठवताना कुणाचं ऐकलं नाही.

तू कॉलेजात नाव घातलंस त्या वर्षी ती आली होती. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. खाली मान घालून म्हणाली, "आई, मी तवा माझंच नाव घातलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं, झालं त्याला लय दिवस झाले."

बस. एवढंच बोलले मी. ती शेंगा फोडत राहिली.

ती अजून समजते की आई शब्दाची पक्की. गल्लीतही माझं तसंच नाव झालं, दिलेल्या शब्दासाठी पोरीचं बक्षीस सोडलं म्हणून. ते खोटं आहे. शब्द मला आधी आठवलाच नव्हता, तोंडात आला तो नंतर. त्या पाच-चार आकड्यांत माझ्या मनात एकच आलं, की हा चिडला तर पलटण घेऊन दुसऱ्या दुकानात जाईल आणि आपलं दुकान बसेल. मी भ्याले. भीतीला शब्दाचं नाव दिलं आणि पोरीच्या हातून लिहून घेतलं. दुकान त्यानंतर दीड वर्षही टिकलं नाही.

हे तिला सांगायचं राहिलं आहे. फोनवर तोंड उघडतं आणि मी शेरडांचं विचारते, पाऊस झाला का विचारते. तिला लिहिलं तर ती वाचून घडी करून ठेवील आणि काही बोलणार नाही, मला तिचं बोलणं ऐकायचं आहे, रागाचं असलं तरी. म्हणून तुझ्यापाशी मागणं आहे. सुट्टी काढ, दहिवडीला जा, तिला बरोबर घे आणि इकडं या. एकटी ये म्हटलं की ती शेरडांचं निमित्त काढते, तू आणलंस तर येईल. लवकर या गं. फार दिवस लावू नका.